मोकळी वाट

अकरा जुलैच्या सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी लिनोकेंगच्या दवाखान्यातून राजधानी मासेरूला जाणाऱ्या फोनच्या दोन्ही वाटा चालू होत्या. त्यानंतर एकेचाळीस मिनिटे दवाखान्यातला एक शब्दही मासेरूला पोहोचला नाही.

अकरा एकवीसला लिमाकात्सो नावाची तेवीस वर्षांची बाळंतीण रक्तस्रावाने गेली. बाळ वाचले. तिथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; घाट बर्फाने बंद होता. मासेरूचे डॉक्टर जे सांगणार, ते फोनवरूनच. परिचारिका म्मे मान्तोआ म्हणत होत्या, फोन सतरा वेळा लावला. फोन कंपनीच्या नोंदी म्हणत होत्या, लाईन क्षणभरही पडली नाही. शुक्रवारी जिल्हा कचेरीत चौकशी होती. नोंदी खऱ्या ठरल्या तर म्मे मान्तोआंचा परवाना जाणार होता, आणि गावाच्या तोंडी त्यांच्यापुरता एकच शब्द उरणार होता: खोटारडी.

तपासनीस न्ताते लेबुसा मंगळवारी पोहोचले; तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला न्ताते म्हणतात, बाईला म्मे. तपासनीस होण्यापूर्वी त्यांनी बावीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले होते. गावाचे मत असे, की डोंगरावरच्या टॉवरला शाप आहे, कारण त्यावरून पडून एक माणूस मेला होता. शाप मोजण्याचे साधन लेबुसांना ठाऊक नव्हते; जे मोजता येते तेथून त्यांनी सुरुवात केली.

"फोन लागतच नव्हता, की लागून आवाज येत नव्हता?"

"लागायचा, न्ताते," म्मे मान्तोआ म्हणाल्या. "रिंग जायची. पलीकडून उचलायचे. मग नुसती खरखर."

"सतरा वेळा असंच?"

"सतरानंतर मी मोजायचं सोडलं. एक हात तिच्या पोटावर होता."

"हे कंपनीला सांगितलंत?"

"सांगितलं की. ते म्हणाले, आमच्या पडद्यावर लाईन हिरवी होती बाई, तुमचीच नजर लाल झाली असेल."

लेबुसांनी वहीत लिहिले: रिंग जाते. आवाज जात नाही.

जिल्ह्याचे ठाणे असलेल्या मोखोतलोंगमधल्या कंपनीच्या कचेरीत दोन अभियंते होते. तरुण, बोलघेवडा फेएल्लो आणि त्याची वरिष्ठ खोपोत्सो, सगळ्यांची आउसी, म्हणजे ताई. खोपोत्सोला पाहून लेबुसा क्षणभर दारातच थांबले. ती त्यांची विद्यार्थिनी. विद्यापीठासाठी तिचे शिफारसपत्र त्यांनीच लिहिले होते. त्यात 'ही मुलगी गृहीत काही धरत नाही' असे वाक्य होते.

"सर," ती उठून उभी राहिली. "तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

"मलाही वाटलं नव्हतं. बस."

फेएल्लोने खुर्ची पुढे ओढली. "सोपं आहे, न्ताते. दवाखान्याच्या राउटरला दोन वाटा. एक दरीतून, नवी फायबर. दुसरी सेखोबेच्या डोंगरावरून, जुन्या रेडिओ टॉवरची. प्रत्येक वाटेला पसंतीचा एक आकडा असतो. ज्या वाटेचा आकडा मोठा, सगळं तिकडून जातं. ती वाट मेली तरच दुसरी."

"आकडे दाखवा."

फेएल्लोने यादी उघडली आणि त्याचा आवाज बसला. "फायबर शंभर. सेखोबे... दोनशे? कुठल्या गाढवानं केलं हे?"

"तुम्ही नाही?"

"मी गाढव आहे, न्ताते, पण ह्या जातीचा नाही."

बदल नऊ मार्चला दुपारी दोन दहाला झाला होता, याच कचेरीतून, दोघांच्या सामायिक खात्यावरून. बदलांच्या नोंदीत इतर प्रत्येक ओळीपुढे टॉवरचे नाव टिपलेले होते: मोतेते, खुबेलू, सेखोबे. फक्त नऊ मार्चच्या ओळीपुढे नाव नव्हते. तेथे लिहिले होते, 'वरची वाट'.

"नऊ मार्चला इथे कोण होतं?"

"आम्ही दोघंही," खोपोत्सो म्हणाली. "वरचा टॉवर तेव्हा काढायचाच होता, सर. त्यावरून शंभरात दोन फोनही जात नव्हते. नंतर वाहतूक वाढली, म्हणून साहेबांनी थांबवलं. कोणते टॉवर काढायचे, याची पक्की यादी महिनाअखेर होईल."

"का वाढली, कुणी विचारलं नाही?"

"सेखोबेला कोण विचारतंय!" फेएल्लो हसला. "काम वाढलं, साहेब खूश."

खोपोत्सो हसली नाही. ती हातातल्या कपाकडे पाहत होती. चहा केव्हाच गार झाला होता.

बुधवारी लेबुसा घोड्यावरून डोंगर चढले. टॉवरचा राखणदार सत्तरीचा होता. खांद्यावरचे ब्लँकेट मोठ्या पिनेने अडकवलेले. त्याने आधी पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि भाजी पुढे ठेवली, पाहुण्याचे खाऊन होईपर्यंत वाट पाहिली आणि मगच बोलायला लागला.

"डोंगर तुमच्याच नावाचा, न्ताते सेखोबे?"

"आजोबांच्या. त्यांचं नाव मला मिळालं. मी त्याचं काही भलं केलं नाही, पण बुडवलंही नाही."

"टॉवरच्या रेडिओ थाळीवर बर्फ कधी गोठलं?"

"दहा तारखेला. मी अकराला दुपारी वर चढून खरवडलं. सकाळी गुडघे ऐकेनात." म्हाताऱ्याने ब्लँकेट गुडघ्यांवर ओढले. "त्या बाळंतिणीचं कळलं. गुडघे चालले असते तर..."

"ते गुडघ्यांचं काम नव्हतं, न्ताते."

लेबुसांनी बादलीत बर्फ भरले, थाळीवर थापले आणि दवाखान्याकडे चाचणीचे संदेश सोडले. छोटे पोहोचले. मोठे वाटेतच हरवले. त्यांनी तीच चाचणी आणखी दोनदा केली. निकाल बदलला नाही.

टॉवरच्या पायाशी दगडांचा एक ढीग होता. त्यावरचे बर्फ कुणीतरी हाताने झाडून काढले होते.

"माझा मुलगा कातिसो," म्हातारा म्हणाला. "याच टॉवरवर चढायचा, इथूनच पडला. पाच वर्षं झाली. टॉवर गेला की मलाही खाली नेतील. मग त्याच्याशी बोलायला कोण? मार्चमध्ये तो पाडायला माणसं येणार होती. पण सून म्हणाली, आता येत नाहीत."

"सून काय करते?"

"खाली मोखोतलोंगला असते, नोकरीला. मालेफा. घरात आली तेव्हा आम्ही ठेवलेलं नाव; आधीचं आम्ही विचारत नाही. दर महिन्याला कोळसा घेऊन येते. शिकलेली आहे, पण रीत नाही सोडली हो तिनं. अकरा वर्षांत सासऱ्याचं नाव तिच्या ओठांवर आलेलं नाही."

परतीच्या वाटेवर लेबुसांनी घोड्याला दोनदा विनाकारण थांबवले.

शुक्रवारी जिल्हा कचेरीत सात माणसे बसली होती. म्मे मान्तोआंनी चर्चला जाण्याचा पोशाख घातला होता, आपल्याच अंत्यविधीला निघाल्यासारखा.

"नोंदीसाठी," लेबुसा म्हणाले, "दोन्ही अभियंत्यांनी टॉवरांची यादी मोठ्याने वाचावी."

फेएल्लोने एका दमात वाचली. मग कागद खोपोत्सोकडे गेला.

"लिनोकेंग. मोतेते. खुबेलू." ती थांबली.

कागदावर पुढचे नाव स्पष्ट छापलेले होते.

"वाच, पोरी."

"सर." तिने कागद टेबलावर ठेवला. "मी ते नाव घेणार नाही हे माहीत असूनच तुम्ही मला वाचायला लावलंत."

"हो," लेबुसा म्हणाले. "पुढचं मी सांगतो. चुकलो तर थांबव."

ते उभे राहिले. वर्गात राहत तसे.

"नऊ मार्चला हा टॉवर पाडण्याच्या यादीत होता. त्याला वाचवायचा एकच मार्ग होता: त्यावरून वाहतूक वाढवणे. म्हणून तू त्याची पसंती पन्नासावरून दोनशे केलीस. सामायिक खाते असल्यामुळे तुझे नाव उमटले नाही. पण ओळीपुढे टॉवरचे नाव टिपायची वेळ आली. फेएल्लो दिवसातून दहा वेळा ते नाव घेतो. त्याने ते सहज लिहिले असते. तू लिहू शकली नाहीस, कारण ते तुझ्या सासऱ्यांचे नाव आहे. तू 'वरची वाट' लिहिलेस. मंगळवारीही माझ्यासमोर तू 'वरचा टॉवर' म्हणालीस. इथे तुला खोपोत्सो म्हणतात, डोंगरावर मालेफा. त्या टॉवरखाली तुझा नवरा आहे."

खोपोत्सोने त्यांना थांबवले नाही.

"मग फोनवर आवाज का गेला नाही?" चौकशीच्या अध्यक्षांनी विचारले. "एक वाट बिघडली तर राउटर दुसरीवर जातो ना?"

"वाट मेली तर जातो. 'मी आहे, मी आहे' असे इवलेसे संदेश पलीकडून येत असतात. ते थांबले की वाट मेली. थाळीवर बर्फ गोठले, तरी ते इवले संदेश येत राहिले. रिंगही इवलीच, तीही गेली. माणसाचा आवाज मोठा असतो, तो हरवला. राउटरच्या मते वाट जिवंत होती आणि तिची पसंती दोनशे होती. म्हणून पडद्यावर लाईन हिरवी दिसली. आणि म्हणून म्मे मान्तोआ खरे बोलत होत्या."

म्मे मान्तोआंनी तोंडाला रुमाल लावला. त्यांचा परवाना वाचला होता. त्यांना त्याने काही फरक पडलेला दिसला नाही.

"त्या दिवशी महिनाअखेरीला वीसच दिवस राहिले होते, सर," खोपोत्सो म्हणाली. "यादी पक्की झाली की परत पन्नास करणार होते. वाट बिघडली तर राउटर आपोआप फायबरवर जाईल, असं मी... धरून चालले."

लेबुसांना शिफारसपत्रातले वाक्य आठवले.

"त्यांना कोण सांगणार?" तिने विचारले. "वर?"

"तू."

म्मे मान्तोआ उठून तिच्यासमोर आल्या. सगळ्यांना वाटले, त्या हात उगारतील. त्या म्हणाल्या, "लिमाकात्सो शेवटपर्यंत मला विचारत होती, आवाज आला का गं. तुला हे माहीत असायला हवं, म्हणून सांगते." आणि जागेवर जाऊन बसल्या.

दुपारी लेबुसांनी अहवाल लिहिला. टॉवरच्या नावाचा रकाना त्यांनी स्वतः भरला: सेखोबे. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात लिहिले: खोपोत्सो, वरिष्ठ अभियंता. शेवटच्या रकान्यात एवढेच:

कारण: रेडिओ वाटेच्या पसंतीचा आकडा पन्नासऐवजी दोनशे ठेवलेला. अर्धवट बिघडलेली वाट राउटरने सोडली नाही. दरीतील फायबर अकरा जुलैला पूर्णवेळ निर्दोष होती. त्या एकेचाळीस मिनिटांत तिच्यावरून काहीही गेले नाही.