एका पिस्तुलाचे दोन भाव

फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल टेबलावर ठेवून बाई दोन पावलं मागं सरल्या. वर्षापूर्वी त्यांच्या नवऱ्याच्या मृत हातात तेच सापडलं होतं.

"याची रास्त किंमत सांगा," त्या म्हणाल्या. "हत्यारांचा दुकानदार भंगाराचा भाव देतो. धाकटा दीर त्याच्या दसपट द्यायला बसलाय. भावाची आठवण म्हणतो."

समोर बसलेला पारखी पूर्वी पोलिसांची हत्यारं दुरुस्त करायचा, आता खासगी तपास करायचा. त्याचा मित्र मास्तर प्रत्येक तपासात हजर असायचा आणि प्रत्येक तपासात छातीठोकपणे चुकायचा.

पारखीनं पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि ते उघडलं.

"अंग घासून पांढरं पडलंय. रोज कमरेच्या होल्स्टरमध्ये असायचं?"

"वीस वर्षं. बँकेच्या गाडीवर पहारा होता ना. पण एक गोळी कधी झाडली नाही हो. दार आपटलं तरी दचकणारा माणूस."

पारखीनं नळी उजेडाकडे धरली. गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा पार गुळगुळीत झाल्या होत्या. नळीचं तोंड बाहेरून मात्र काळंभोर होतं, आणि पिस्तुलाचे आतले बाकी भाग नव्यासारखे.

"पोलीस काय म्हणाले?"

"गोळी याच नळीतून सुटली म्हणाले. आत्महत्या. रिकामं काडतूस सापडलं नाही, ते उंदरानं नेलं असेल म्हणाले." बाई फडक्याची घडी घालू लागल्या. "लेक विचारते, बाबांना आपण नकोशा झालो होतो का? काय सांगू तिला?"

पारखीला त्या क्षणी किंमत सांगायची लाज वाटली.

दुकानदार भेटताच उखडला. "मी नुसता नळीत डोकावलो, तेही बाईंसमोर. नळी संपलीय. याहून जास्त कोण देईल?"

"यानंच चांगली नळी लांबवली!" बाहेर येताच मास्तर कुजबुजले.

"गोळी या झिजलेल्या नळीशी वर्षापूर्वीच जुळली, मास्तर. तेव्हा हे पिस्तूल दुकानात आलंही नव्हतं."

दीर नेमबाजी शिकवायचा. त्याचं तळघर लांबट, थंड होतं. उजेड फक्त टोकाला, माणसाच्या आकाराच्या काळ्या पुठ्ठ्यांवर पडलेला. ते पुठ्ठे वाऱ्याशिवाय हलत होते.

"वहिनी, तुम्ही इथे?" तो चपापला.

"किंमत ठरवायला आलोय," पारखी म्हणाला. "तुमचं पिस्तूलही याच बनावटीचं म्हणे?"

"दोघांनी एकाच दिवशी घेतली. माझं कायम पेटीत असतं. सरावालाच काढतो." दिरानं ते दाखवलं. नळीचं तोंड चंदेरी चमकत होतं. "एक सांगू? गेल्या वर्षी हे वीतभर चुकायचं. दादा गेला आणि नेम परत आला. झाडताना वाटतं, मागून कुणीतरी मनगट धरलंय. बोटं गार असतात त्याची."

मास्तरांनी नकळत मागं वळून पाहिलं. मागं ओल आलेली भिंत होती.

"दाखवा बरं. सगळ्या गोळ्या झाडा."

पाच आवाज झाले. पुठ्ठ्याच्या छातीत एकच भोक पडलं. पारखीनं हात पुढं करून रिकामं पिस्तूल काढून घेतलं.

"होल्स्टरच्या तळाशी नळीचं तोंड घासतं," तो म्हणाला. "दादांचं पिस्तूल अंगभर पांढरं, तोंड तेवढं काळं. तुमचं पेटीतलं, आणि तोंड पांढरं. आत पाहिलं तर एकही गोळी न झाडलेल्या माणसाच्या पिस्तुलात हजारो गोळ्यांनी झिजलेली नळी. तुमच्या झिजलेल्या पिस्तुलाला एकाएकी नेम आला. नळ्या बदलल्यात."

"पण कशाला?" मास्तर.

"खून यांच्या पिस्तुलानं झाला. अख्खं पिस्तूल बदललं असतं तर त्यावरच्या नंबरानं पकडले गेले असते. गोळीवर खुणा नळीच्या उमटतात, म्हणून नळी दादांच्या पिस्तुलात बसवली आणि ते त्यांच्या हातात दिलं. शिकवणाऱ्याला दोन मिनिटांचं काम. काडतुसावर मात्र बाकी पिस्तुलाच्या खुणा असतात. ते उचलून नेलं. आणि आता दसपट भाव, कारण दुसऱ्या कुणी हे उघडून पाहायला नको होतं."

जिन्यात इन्स्पेक्टर उभे होते. पारखीनं त्यांना आधीच बोलावलं होतं.

दीर वहिनींकडे वळला. "पिऊन शिकवतो म्हणून दादा तक्रार करणार होता. सरावावरून तसाच गेलो, बाचाबाची झाली, हात उठला." त्यानं आपलं मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरलं. "नळीचं सांगितलंत. हाताचं सांगा ना. तो अजून सोडत नाहीये."

पारखीनं रिकामं पिस्तूल इन्स्पेक्टरांच्या हातात दिलं.

बाई रस्त्यावर आल्या आणि तिथंच त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा आपल्याला सोडून गेले नव्हते गं. मारलं त्यांना. काकानं."



"आई," मग लेक म्हणाली, "मी वर्षभर बाबांवर रागावले होते."