टारबेलबाईंची गाडी

ऑरेगॉनच्या वाटेवर ऑरिन टारबेलला आम्ही प्लॅट नदीच्या काठी पुरलं, तो जूनचा पहिला आठवडा. पटकीनं सकाळी धरलं, दुपारी माणूस संपला. लांडग्यांनी उकरू नये म्हणून थडग्यावरून तांड्यातल्या सगळ्या गाड्या हाकल्या आणि माती सपाट केली. त्याची बायको केझाया रडली नाही. बैल जुंपून रांगेत आली.

मी चाकांचा सुतार. इलिनॉयपासून सगळ्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा मीच आवळत आलो होतो, म्हणून तिच्या चाकोऱ्या आधी माझ्याच डोळ्यांत भरल्या. आमची चाकं दोन बोटं रुतत, तिची वीतभर. आणि रोज थोडी जास्तच.

तांड्यात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, दारूची पिंपं लपवलीत. आमचा नायक डॉर्सेट म्हणाला, हिनं नवऱ्याला उकरून बरोबर आणलाय. मला ते पटेना. एका माणसाचं ओझं ते किती? पण शंका माझ्याही मनातून जाईना. बाईनं ओझं हलकं करायला बिडाची चूल टाकली, नांगराचा फाळ टाकला, तरी बैलांच्या तोंडाला फेस.

शेवटी डॉर्सेटनं भर दुपारी तिला गाडी रिकामी करायला लावली. तिनं मुकाट्यानं एकेक वस्तू गवतावर मांडली. रजया, पिठाचं पोतं, खारवलेलं डुकराचं मांस, आरसा. मी आत चढून तळाच्या फळ्या ठोकून पाहिल्या. चोरकप्पा नव्हता.

मग आम्ही चौघांनी मागच्या आसाला खांदे लावले. गाडी तसूभर वर आली नाही.

डॉर्सेटनं हात पुसले. "बाई, आत काय आहे?"

"मी सांगितलं त्याला, उतर म्हणून," ती म्हणाली. "ऐकत नाही. पहिल्यापासून हट्टी. ऑरेगॉन बघायचंय म्हणतो."

डॉर्सेटनं सामान परत भरायला सांगितलं.

दोन दिवसांनी तिचे बैल वाळूत बसले, ते उठलेच नाहीत. गाडी तिथंच सोडायची ठरली. बाईला मात्र कुणी आपल्यात घेईना. माझी बायको लोविना, असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नाही, ती म्हणाली, "अहो, माणूस आहे ती. अशी उघड्यावर टाकून जायचं?"

बाई सामानासकट आमच्या गाडीत चढली. मी मागं जाऊन तिच्या रिकाम्या गाडीला सहज खांदा लावला.

चाक वर आलं. एकट्याला.

मी आमच्या गाडीकडे परतलो. बैल हाकत पायी चालू लागलो.

कोसभर गेल्यावर वळून पाहिलं. बाई पुढच्या बसायच्या फळीच्या एका टोकाला बसली होती. लोविना दुसऱ्या टोकाला, जवळजवळ बाहेर लोंबत, मोजा विणत.

"अशी अवघडून का बसलीस?" मी विचारलं.

तिनं विणकामावरून मान वर केली नाही.

"मग तिघांनी कसं बसायचं?"