निळ्या दाराच्या आत

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या बाबतीत घडलंय. गेल्या फेब्रुवारीत, जपानमधल्या सेंदाईत, भर दुपारी.

माझा नवरा अंबरीष इथल्या विद्यापीठात संशोधन करतो. मी एका छोट्या आर्ट गॅलरीत बाइतो करते, म्हणजे पार्टटाइम काम. तेव्हा तिथे गुलतेन-सान या तुर्की कलाकार बाईंचं प्रदर्शन होतं. इस्तंबूलच्या जुन्या वस्त्या पाडून टॉवर उभे राहतायत. त्या पाडलेल्या घरांची पाच दारं त्यांनी आणली होती. भिंतीवर स्क्रूने घट्ट बसवलेली.

दारांमागे फक्त भिंत.

मंगळवार होता. बाहेर बर्फ. आत एकही माणूस नाही.

तीनच्या सुमारास आवाज आला...

सपातांचा. कुणीतरी पाय ओढत चालत होतं.

निळ्या दाराच्या आत.

वाटलं, स्पीकर लावला असेल. हल्ली लावतात. जवळ जाऊन मी लाकडावर सहज बोटं वाजवली.

पावलं थांबली.

मग अगदी दारापाशी, म्हाताऱ्या बाईचा आवाज...

"किम ओ?"

मला तुर्की येत नाही. पण दार वाजल्यावर आतून माणूस काय विचारणार? तोंडातून निघून गेलं, "मी... नेत्रा."

आत कडी सरकली.

मी मागे हटले ती थेट काउंटरपर्यंत.

चार वाजता गुलतेन-सान आल्या. मी म्हटलं, "तुमच्या निळ्या दारातले आवाज फारच खरे वाटतात."

"आवाज? मी कुठेच आवाज लावलेला नाही."

मी 'किम ओ' म्हणून दाखवलं. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे 'कोण आहे?' ते मुयस्सर मावशींचं दार. गल्ली रिकामी झाली, त्या एकट्याच मागे राहिल्या. मी सांगितलं होतं, रविवारी न्यायला येते. कामात अडकले... बुधवारी पोचले. खूप वेळ दार वाजवलं. उघडायला आत कुणी जिवंत उरलं नव्हतं."



निळ्या दारापाशी जाऊन त्यांनी ते वाजवलं. हाक मारली. कान लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वळल्या.

"तू त्यांना तुझं नाव सांगितलंस?"

ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"माझ्याशी बोलत नाहीत. तुझंच नाव घेतायत." त्यांनी माझा हात धरला. "एकदा वाजव, नेत्रा. तुला उघडतील. मला फक्त माफी मागायचीय."

मी हात उचलला.

आत सपाता सरकत आल्या... थांबल्या. फळीपलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं.

माझा हात खाली आला. "नाही जमणार मला." कोटही न घालता मी बाहेर पळाले. रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं, गुलतेन-सान दार बडवत होत्या.

पुन्हा तिथे कामाला गेले नाही. प्रदर्शन संपलं, दारं इस्तंबूलला परत गेली. गुलतेन-साननी मला एका शब्दाने दोष दिला नाही.

अंबरीष म्हणतो, बरं केलंस.

असेल. पण ती म्हातारी उघडायला आली होती... आणि मी वाजवलं नाही.