एका कडव्याचं गाणं

"अच्छा, म्हणजे चोर तू आहेस तर!"

सीडीच्या दुकानात काउंटरपाशी उभा असलेला योहेई दचकला. मागे त्याच्याच शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. बाहेर वादळी पाऊस आडवातिडवा कोसळत होता. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं आणि बोट रोखलेलं होतं त्याच्या हातातल्या सीडीवर.

"मी... चोर?"

"मग काय! महिनाभर खेटे घालतेय या सीडीसाठी. दरवेळी मालक सांगतात, आत्ताच कुणीतरी भाड्याने नेली. अख्ख्या साकाता गावात ही एकच आहे, माहितीये ना?"

"गिटारवर बसवतोय गं. मधला तुकडा काही केल्या हाताला लागत नाही."

"तो लागेपर्यंत मी म्हातारी होईन."

योहेई हसला. हसताना त्याचा एकच गाल वर जायचा. त्या मुलीला, चिगुसाला, ते हसू फार आवडलं, आणि आवडलं म्हणूनच तिने कपाळाला आणखी आठ्या घातल्या. ती होतीच तशी. दुसऱ्याला चार शब्द सुनवायला एका पायावर तयार, पण स्वतःच्या मनातलं ओठांवर आणायचं म्हटलं की जिवावर यायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्याने तिच्या बाकावर एक कॅसेट ठेवली. गाणं उतरवलेलं होतं, आणि ते संपल्यावर त्याने स्वतः वाजवलेला तो मधला तुकडाही. नेमक्या एकाच जागी चुकलेला.

"चूक तेवढी मनापासून केलीस," कॅसेट परत देत ती म्हणाली आणि ती ओळ बरोबर कशी आहे ते गुणगुणून दाखवलं.

योहेई बघतच राहिला. "तू... गातेस?"

"अंघोळीच्या वेळी. का?"

योहेईचा शाळेत एक बँड होता. त्यातला गाणारा मुलगा परीक्षेच्या अभ्यासाला लागला होता आणि शाळा संपायच्या आदल्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम होता. चिगुसाने आधी आढेवेढे घेतले, मग अटी घातल्या, आणि शेवटी आली. यायचंच होतं तिला.

मग सगळा हिवाळा तालमीत गेला. गाणी त्यांच्या लहानपणची, मोठ्या भावंडांच्या कपाटातून आलेली. झणझणीत गिटार, धावता ढोल आणि शब्दांत मात्र हळहळ. नदीकाठचा उतार, एका सायकलवर दोघं, संपत आलेली उन्हाळ्याची सुट्टी. आणि ते सगळं आठवणारा कुणीतरी मोठा झालेला माणूस.

तालीम संपली की दोघं मोगामी नदीच्या काठाने घरी जायची. समुद्रावरून येणारा बर्फ तोंडावर सपासप आपटायचा. कोपऱ्यावरच्या मशीनमधून मक्याच्या गरम सुपाचे दोन डबे घ्यायचे, आधी त्यांवर हात शेकायचे, मग प्यायचं. तळाशी चिकटलेले दाणे काढायला डब्याचं बूड थोपटत दोघं आकाशाकडे तोंड करून उभी राहायची.

"मला एक कळत नाही," एकदा चिगुसा म्हणाली. "या प्रत्येक गाण्यात एक बावळट असतोच. मुलीबरोबर अख्खा उन्हाळा सायकलवर हिंडतो आणि सांगत मात्र नाही. मग पुढे जन्मभर रडत बसतो. अरे बाबा, सांगून मोकळा हो ना!"

"सांगितलं तर गाणं एका कडव्यात संपेल की."

"संपू दे!"

योहेईने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होता... पण तिचा शेवटचा दाणा डब्यातून निघाला तो नेमका नाकावर पडला, आणि दोघं खो खो हसत सुटली.

फेब्रुवारीची चौदा तारीख आली. या दिवशी मुली मुलांना चॉकलेट देतात, आणि त्यात दोन प्रकार. एक रीतीचं. वर्गातल्या, ओळखीतल्या सगळ्यांना वाटायचं, देणारीला काही नाही नि घेणाऱ्यालाही काही नाही. दुसरं मनातलं. ते एकालाच, आणि शक्यतो स्वतःच्या हाताने केलेलं. महिन्याने, मार्चच्या चौदा तारखेला, मुलांनी उलट भेट द्यायची. रीतीच्या चॉकलेटला बिस्किटं. मनातल्याला ज्याचं त्याने ठरवायचं.

चिगुसाने आदल्या दिवशी आईला स्वयंपाकघरातून बाहेर काढून चॉकलेट केलं. दोनदा जाळलं, तिसऱ्यांदा जमलं. काय बोलायचं तेही आरशासमोर पाठ केलं. तालमीच्या खोलीत योहेई एकटाच असेल अशा बेताने ती लवकर गेली. तो एकटाच होता. तिने पिशवी पुढे केली, त्याने दोन्ही हातांनी घेतली, आणि तेवढ्यात दार ढकलून ढोलवाला गोंदा आत आला.

"ओहोहो! वहिनी म्हणायचं का आजपासून? मनातलं, हो ना? हाताने केलेलं दिसतंय!"

चिगुसाच्या कानांची नुसती आग झाली.

"गप रे! रीतीचं आहे. सगळ्यांना आहे. तुमची... तुमची उद्या आणणारे."

"रीतीचं?" योहेईने विचारलं.

"मग तुला काय वाटलं?"

एवढी थाप मारल्यावर ती निभावणं आलंच. दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून चॉकलेटं आणून सगळ्यांना वाटली. गोंदाने तिथल्या तिथे फस्त केलं. योहेई मात्र तारा पिळत बसला होता.

निरोपाचा कार्यक्रम झाला. मधला तुकडा त्या दिवशीही त्याच जागी चुकला, पण टाळ्या कडाडल्या. योहेईला ओसाकात मामाच्या छापखान्यात काम मिळालं होतं. त्याने गाडी निवडली ती मार्चच्या चौदा तारखेची.

चिगुसा स्टेशनवर गेली. बर्फ वितळून फलाट ओला झाला होता. योहेई गिटार पाठीला लावून उभा होता, दोन्ही हात कोटाच्या खिशांत.

"चिगुसा, एक विचारू? ते चॉकलेट... खरंच रीतीचं होतं?"

आता सांग, तिचं मन म्हणालं. सांगून टाक! पण तो चाललाच होता. आता सांगून काय उपयोग, आणि तो नुसता 'बरं' म्हणाला तर? जीभ सवयीने पुढे धावली.

"हो रे बाबा! किती वेळा विचारशील?"

योहेईने मान डोलावली. उजव्या खिशातला हात बाहेर आला. त्यात बिस्किटांचा छोटा डबा होता.

"मग हे घे. रीतीप्रमाणे."

गाडी गेली. चिगुसा बाकावर बसून राहिली. बिस्किटं लोण्याची होती, खुसखुशीत, चांगल्या दुकानातली. एक खाल्लं आणि तिला हुंदका आवरेना.

पुढे जे व्हायचं ते सगळं झालं. लग्न झालं, मुलगा झाला. नवरा चांगला मिळाला, तक्रारीला जागा नव्हती. फक्त रेडिओवर ती जुनी गाणी लागली की चिगुसा हातातलं काम सोडून दुसऱ्या खोलीत जायची.

चाळिशी उलटल्यावर ऑगस्टच्या सुट्टीत शाळेचा वर्ग पुन्हा भेटला. जेवणं झाली आणि भर दुपारी सगळे कराओकेच्या खोलीत घुसले. योहेई आला होता. केस विरळ झाले होते. मोबाइलवर सगळ्यांना लेकीचे फोटो दाखवत होता. हसताना गाल अजून एकच वर जात होता.

"आठवतंय का?" गोंदा माइकवरून ओरडला. "याला हाताने केलेलं चॉकलेट आणि आम्हाला शिळं, दुकानातलं! काय तो अन्याय!"

सगळे हसले. गोंदाने गाणं सुरू केलं आणि त्या कलकलाटात चिगुसा योहेईकडे वळली.

"ते मनातलं होतं," ती म्हणाली.

योहेईने हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

"वाटलं होतं मला. बाकीच्यांची चॉकलेटं पाहून वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"विचारलं की स्टेशनवर. तू हो म्हणालीस. तुझ्यापुढे बोलायची कुणाची छाती होती?" तो हसला, पण नीट हसता आलं नाही. "डाव्या खिशात कॅसेट होती. तुझ्यासाठी गाणं केलं होतं. तू म्हणाली होतीस ना, संपू दे? म्हणून एकच कडवं. त्यातला मुलगा पहिल्याच ओळीत सांगून टाकतो."

चिगुसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही.

"गाऊन दाखव ना."

योहेईने हळूच मान हलवली. "आता नको गं. आता गायलं तर ते रीतीचं होईल."

पडद्यावर ते जुनं गाणं आलं, दुकानात एकच सीडी असलेलं. गोंदाने चिगुसाच्या हातात माइक कोंबला. "वयाच्या मानाने चार पट्ट्या खाली आणलंय, घाबरू नकोस!"

तिने रिमोट घेतला आणि सूर परत मूळ पट्टीत नेऊन ठेवला. वरच्या जागी आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. टेबलावर योहेईची बोटं मधला तुकडा वाजवत होती आणि त्याच जुन्या जागी अडखळली. त्या बावळटाची सगळी कडवी तिने शेवटपर्यंत म्हटली.