शोध चालू आहे

१९३६ सालचा श्रावण. नसरापूरच्या दवाखान्याच्या पडवीत तो पावसाची सर ओसरेपर्यंत थांबला होता. खांद्यावर ओलं घोंगडं, हातात लखोटा... त्यावरचं तिकीट चक्क डेन्मार्कचं! मी डेन्मार्कच्या डॉक्टरबाईंच्या हाताखाली दहा वर्षं काढलेली, त्यांची भाषा मला येत होती. बाई रजेवर मायदेशी गेलेल्या. म्हणजे पंचक्रोशीत ते पत्र वाचणारी मी एकटीच. जरा ऐट आलीच.

तो पासलीच्या वरच्या वाडीतला बाजी, मेंढरं राखणारा. त्याचा थोरला भाऊ सावळा डेन्मार्कच्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. ती बोट वादळात बुडाली होती. भोर संस्थानच्या कचेरीला पत्राचं इंग्रजी भाषांतर हवं होतं.

"हा शब्द 'लेदे'," मी म्हटलं. "हरवलेलं धुंडाळणं. इंग्रजीत लुक फॉर."

"आमी मेंढरू हुडकतो तसं?"

"तसंच. आणि हा 'उन्नरसोए'... बारकाईनं तपासणं. बाई नाडी बघतात ना, तसं."

"मंग माजी बी बगा की—" त्यानं मनगट पुढं केलं. मी शाई सांडली.

पत्रात धुंडाळलं, तपासलं, चौकशी केली, असं सगळं होतं. सापडलं एवढंच नव्हतं.

मग तो दर बाजाराला येऊ लागला. कधी लोणी घेऊन, कधी नुसताच हसत. एकदा म्हणाला, "दादा आला, की तुमाला मागनी घालनार."

"आणि नाही आले तर?"

"आमच्यात भाऊ गेला, तर धाकट्यानं वयनीसंगं पाट लावायचा. पदरात पोर हाय तिच्या... न्हाई म्हनता येत न्हाई."

दिवाळीनंतर दुसरं पत्र आलं. शोध थांबवला आहे, माणसं बुडाली असं धरावं. बाजी माझ्या तोंडाकडं बघत होता. मी इंग्रजीत लिहिलं, आणि त्यालाही सांगितलं— शोध चालू आहे. लिहिताना एक अक्षरही खोडावं लागलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

पंधरा दिवसांनी त्याच्यासोबत सावळाची बायको रतनबाई आली. कपाळभर कुंकू, कडेवर लेक. "रोज त्यांच्या नावाची भाकर काढून ठिवते, बाई," ती म्हणाली. "अजून किती दिस ठिवू, तेवडं इचारून घ्या की."

माझ्याच्यानं राहवेना. बाजीला आत बोलावलं. "शोध कधीच थांबलाय. मी खोटं सांगितलं... तुम्ही हवे होतात म्हणून."

"मला बी तुमीच पायजे व्हता," तो म्हणाला. "पन तिला भाकर काढाया लावलीत, बाई."

मी खरं इंग्रजी लिहून त्याच्या हातात दिलं. बाहेर जाऊन तो वहिनीसमोर उकिडवा बसला. काय बोलला, ऐकू आलं नाही. तिचा हंबरडा तेवढा ऐकू आला. मग लेकीला खांद्यावर घेऊन तो वाटेला लागला, मागोमाग ती.

त्यानं मागं वळून पाहिलं नाही, ते बरंच झालं. पाहिलं असतं, तर मी धावत जाऊन तो कागद फाडला असता.