जिल्ह्याचा गोलकीपर

जिल्ह्याच्या शालेय फुटबॉल संघात पोराची निवड झाली, त्या दिवशी त्याच्या बापानं बसच्या हॉर्नवर हात ठेवला तो गल्लीच्या टोकापर्यंत काढलाच नाही. बाप शाळेची बस चालवायचा. आईची कोपऱ्यावर लाँड्री होती. पुढं दोन मशीन आणि इस्त्रीचं टेबल, मागं राहायच्या खोल्या. मूळच्या गोलकीपरचा हात मोडला म्हणून आपल्या पोराचा नंबर लागला, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते बोलून दाखवायचं नाही, हे न बोलताच ठरलं होतं.

सीझन सुरू झाला आणि पोराचं नाव पडलं गळका. पहिल्या मॅचला त्यानं इतके गोल खाल्ले, की शेवटी शेवटी समोरच्या टीमची पोरं नाचायचीही थांबली. घरी यायचा तो भांडतच. बचावाची पोरं झोपलेली असतात, ग्राउंडला उतार आहे, बूट चावतो. बापानं एक शब्द काढला की दहा ऐकवायचा, म्हणून बापानं वर्षभरापासून त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. जेवताना पोरगा सारखा पाय हलवायचा. टेबल हलायचं, पाणी सांडायचं, आई ओरडायची.

टीमचे कपडे धुवायचं काम तिच्याकडेच होतं. सगळ्या जर्सी एका टबात कोंबल्या तरी आपल्या पोराची कुठली, हे तिला नंबर न बघता कळायचं. घामाचा वास ओळखीचा होता.

तिसरी मॅच डोंगरावरच्या एका शाळेच्या मैदानावर होती. बस तिचा नवराच चालवत होता, म्हणून तीही गेली. कॅप्टनची आईही होती. तिचं औषधांचं दुकान होतं आणि ती दुकानातला पांढरा कोट घालूनच कुठंही जायची. टीमचे सर म्हणजे शाळेतले पी.टी.चे सर. चहा मागवायचा तरी शिट्टी मारायचे, त्यामुळं पोरं त्यांना शिट्टीसर म्हणायची.

हाफ टाइमनंतर धुकं आलं. लांबच्या गोलकडून आलं आणि बघता बघता सगळं मैदान गिळून बसलं. रेफरीनं खेळ थांबवला. तो बाहेर आला आणि गळक्याच्या आईशेजारीच उभा राहिला. समोरच्या शाळेची पोरंही हात चोळत बाहेर आली. आपली पोरं तेवढी आली नाहीत.

आत खेळ चालूच होता. बॉलला बसणाऱ्या लाथांचा आवाज येत होता. पोरं एकमेकांना हाका मारत होती. त्यात तिच्या पोराचा आवाज सगळ्यांच्या वर. “माझा! सोड, माझा!”

“शिट्टी ऐकू येत नाही का यांना?” शिट्टीसर म्हणाले, आणि गाल फुगवून पुन्हा शिट्टी मारली.

आवाज बंद झाले. एकेक करून नाही, सगळे एकदम. तिच्या पोराचा “माझा” तर अर्धाच राहिला.

मग धुक्यातून पोरं आली. सावकाश, एकामागं एक. बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. या पोरांचे केस कोरडे होते.

धुकं गेल्यावर मॅच पुन्हा सुरू झाली आणि ती आपण जिंकलो. परतताना बसमध्ये तिच्या एकदम लक्षात आलं, की खेळ थांबला होता तेवढा सगळा वेळ बॉल रेफरीच्या काखेत होता.

त्यानंतर टीम हरली नाही. गळक्यावर गोल होईना. तो उडी मारायचा नाही, ओरडायचा नाही. बॉल जिथं येणार तिथं आधीच उभा असायचा. टीममधलं कुणीच ओरडायचं नाही. अख्खी मॅच तोंडातून शब्द न काढता खेळायचे. बघणारे म्हणायचे, शिस्त असावी तर अशी. शिट्टीसरांची शिट्टी आता खिशातच असायची, कारण पोरं तिच्याशिवायच थांबत आणि तिच्याशिवायच निघत.

घरीही पोरगा सुधारला होता. ताट स्वतः उचलायचा. टेबल हलत नव्हतं. बापाला विचारायचा, “बाबा, आज गाडीनं त्रास दिला का?” बापाला सुरुवातीला उत्तरच सुचायचं नाही. मग सुचायला लागलं. संध्याकाळी दोघं पायरीवर बसून बोलायचे आणि आतून इस्त्री करता करता ती ऐकायची. बाप हसला की पोरगा हसायचा, पण जरा मागाहून. आधी बापाच्या तोंडाकडं बघायचा आणि मग हसायचा.

जर्सींना मातीचा वास यायचा, साबणाचा यायचा. घामाचा येत नव्हता. कुणाच्याच जर्सीला नाही. एकदा मशीन बंद करून ती एकेक जर्सी नाकाशी धरून उभी होती, तेवढ्यात मागं चाहूल लागली. पोरगा दारात उभा होता.

“नीट धुतल्या नाहीत का, आई?”

“धुतल्या.”

“मग काय बघतेस?”

“काही नाही. डाग आहे का बघत होते.”

तो थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी जर्सी आल्या त्यांना घामाचा वास होता. सगळ्यांना एकसारखा.

ती औषधांच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक जाईपर्यंत काउंटरशी थांबली.

“ताई, एक विचारू? तुमचा कॅप्टन घरी बरा असतो ना?”

कॅप्टनची आई गोळ्यांची पाकिटं रचत होती. तिनं मान वर केली नाही. “गुणी झालाय अगदी. पूर्वी माझ्या दुकानाच्या काचेवर बॉल मारायचा.”

“तेच म्हणते मी. आमचाही झालाय.”

“मग झालं तर.”

“झालं कसं? तुम्हाला काही वेगळं…”

“ताई,” कॅप्टनची आई म्हणाली, “पोरं जिंकतायत. अभ्यास करतायत. वळण लागावं म्हणूनच आपण त्यांना खेळायला घालतो ना? उगाच खोदत बसू नका. कफ सिरप देऊ का एक? तुमचा आवाज बसलाय.”

शिट्टीसरांना गाठलं, तर ते चालता चालताच म्हणाले, “बाई, सीझन संपू द्या. मग बोलू.” आणि रस्ता ओलांडून गेले. तिला वाटलं, आपल्याला पाहून त्यांनी वाटच बदलली होती.

आता तिला सगळ्यांचाच संशय यायला लागला. बाकीच्या आया मॅचला तिच्यापासून जरा लांब बसायच्या. ती आली की बोलणं तुटायचं. कदाचित आपलंच डोकं फिरलं असेल, असंही तिला वाटायचं. खात्री करून घ्यायची म्हणून एका दुपारी पोरगा जेवत असताना ती त्याच्या समोर बसली.

“तुला आठवतं का रे, लहानपणी तुला कुत्रा चावला होता?”

त्याला कुत्रा कधीच चावला नव्हता. कुत्र्यामांजरांत लोळायचा तो.

पोरानं हातातला घास खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत बघत राहिला, जणू उत्तर तिथंच कुठंतरी असावं.

“हो, आई,” तो म्हणाला. “खूप दुखलं होतं.”

“कुठं चावला होता?”

“तू सांग ना.”

तिच्या तोंडून निघून गेलं, “पोटरीला.”

“पोटरीला,” तो म्हणाला, आणि घास उचलला.

दुसऱ्या दिवशी तो सरावाला निघाला, मोजे वर ओढायला वाकला आणि तिला दिसलं. डाव्या पोटरीवर दातांचा व्रण होता. ताजा नव्हे. जुना, पांढरा पडलेला, कातडीबरोबर वाढलेला.

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो बस धूत होता. त्यानं पाइप बंद केला आणि टायरवरचा चिखल नखानं खरवडायला लागला.

“अहो, काहीतरी बोला.”

“त्या दिवशी डोंगर उतरताना,” तो म्हणाला, “गाडी भरलेली असली की उताराला ब्रेकवर कसा जोर येतो, पायाला कळतं. त्या दिवशी आला नाही. रिकामी गाडी उतरावी तशी उतरत होती. मी आरशात बघितलं. सगळे बसलेले होते. माझ्याकडंच बघत होते.”

“तुम्हाला तेव्हापासून माहीत आहे?”

“मला काही माहीत नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यानं फडका पिळला, पुन्हा भिजवला, पुन्हा पिळला. “तो मला बाबा म्हणतो गं,” तो म्हणाला. “वर्षभर हाक मारली नव्हती त्यानं मला.”

फायनलच्या आदल्या दिवशी लाँड्रीला कुलूप लावून ती एकटीच डोंगरावर गेली. लख्ख ऊन होतं. मैदान मोकळं होतं, कडेनं गवत वाढलेलं. फाटकाशी शाळेचा वॉचमन स्टुलावर बसला होता. तिनं काही विचारायच्या आतच तो म्हणाला, “जिल्ह्याच्या टीमच्या ना तुम्ही?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“आमची पोरं आता या मैदानावर खेळत नाहीत. नकोच म्हणतात. इथं येणारं दुसरं कोण आहे? त्या औषधवाल्या बाई येतात दर आठवड्याला. मला खोकल्याचं औषधही देऊन गेल्या.”

“त्या इथं येतात? कशाला?”

“डबा घेऊन येतात. त्या पलीकडच्या गोलपाशी ठेवतात आणि जातात.” वॉचमननं तिच्याकडं न बघता पुढं सांगितलं, “पुढच्या वेळी रिकामा घेऊन जातात. मी तिकडं बघायला जात नाही.”

ती चालत पलीकडच्या गोलपाशी गेली. खांबाला टेकवून डबा ठेवलेला होता. उघडा, चाटून पुसून लख्ख. बाकीच्या मैदानावर गवत माजलं होतं, पण गोलच्या तोंडाशी माती उघडी पडली होती, आणि ती ओली होती. बुटांच्या खिळ्यांनी उकरलेली.

तिनं पोराला हाक मारली. घरातल्या नावानं.

काही आलं नाही. वारा पडला होता. उन्हातही तिथं इतका गारठा होता, की तिच्या तोंडातून वाफ निघाली.

तिनं अंगातला स्वेटर काढला, घडी घातली आणि गोलच्या रेषेवर ठेवला. फाटकापर्यंत येऊन तिनं मागं वळून पाहिलं. डबा दिसत होता. स्वेटर दिसत नव्हता.

फायनल टीमनं जिंकली. लोक उड्या मारत होते. पोरं मारत नव्हती. मग त्यांनी लोकांकडं पाहिलं आणि तीही मारायला लागली.

पेपरचा फोटोग्राफर आला होता. त्यानं पोरांना बाकावर बसवलं, कप मधे ठेवला आणि म्हणाला, “आईवडिलांनी मागं उभं राहा. आपापल्या मुलाच्या खांद्यावर हात.”

माणसं हसत, केस नीट करत मागं जाऊन उभी राहिली. कॅप्टनची आई गेली. पांढऱ्या कोटाच्या बाहीनं तिनं डोळे पुसले आणि कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवला. गळक्याचा बाप गेला. त्यानं पोराच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

उजवा खांदा मोकळा होता.

“ताई, तुमच्यासाठी थांबलोय,” फोटोग्राफर म्हणाला.

ती जागची हलली नाही. बाकावरची सगळी पोरं कॅमेऱ्याकडं न बघता तिच्याकडं बघत होती. आया बघत होत्या. शिट्टीसर बुटांकडं बघत होते. नवऱ्याचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण काय म्हणाला ते तिला कळलं. ये ना.

ती गेली.

तिनं हात ठेवला. खांदा हाडकुळा होता, तिच्या पोराचा होता तसाच. तो थरथरत होता. घाबरलेलं पोर थरथरतं तसा.

फोटोग्राफर बोटं वर करून मोजायला लागला.

पोरानं मान किंचित मागं कलवली. दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यानं विचारलं, “आई, मी नीट शिकतोय ना?”

तिनं हात काढला नाही.