पलंगाखालचा डोंगर

ही गोष्ट अजून चाळीसेक वर्षांनी घडायची आहे. मला ती आत्ताच ठाऊक आहे, याला माझा इलाज नाही.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी ताम्हणगावच्या तांबट आळीत परत्या आला आणि उल्का करडे दार अडवून उभी राहिली. परत्या म्हणजे यंत्रमानव. त्याचं सरकारी नाव दीड ओळीचं होतं. तो जुनी यंत्रं परत न्यायला येतो, म्हणून गावानं त्याला परत्या करून टाकलं होतं. उंचीनं तो दाराच्या कडीएवढा, पोटात वजनकाटा, आणि बोलणं इतकं सभ्य की ऐकणाऱ्याला राग यावा.

"नमस्कार. आपल्या पलंगाखाली एक ट्रंक आहे," परत्या म्हणाला. "तिच्यात संगणकाच्या जुन्या पाट्या आहेत. एकूण तीस किलो. त्या द्याव्यात."

"आहेत. नाही देणार," उल्का म्हणाली. ती बारा वर्षांची होती आणि 'नाही' म्हणण्याची तिला चांगली सवय होती.

"हरकत नाही. मग त्याऐवजी मी वाघजाईच्या टेकडीतला दोन टन दगड घेईन."

उल्काच्या कपाळावर आठी पडली. तीस किलोच्या ट्रंकेऐवजी दोन टन डोंगर? हा कुठला हिशेब? आणि टेकडीचा इथे संबंध काय?

संबंध होता. देशात नवा कायदा झाला होता. प्रत्येक गाव नव्या यंत्रांसाठी जेवढा धातू घेईल, तेवढा त्यानं जुन्या यंत्रांतून परत करायचा. जेवढा कमी पडेल, तेवढा त्याच गावाच्या डोंगरातून खणून काढायचा. दुसऱ्याच्या दारात खड्डा पाडून आपण मजेत राहायचं, हे बंद. कायदा तसा न्यायाचा होता, पण त्याची शेवटची तारीख आज संध्याकाळची होती आणि ताम्हणगावचा आकडा शून्याच्या फारसा पुढे सरकला नव्हता. वाघजाईच्या टेकडीवर उल्का रोज पळायला जायची. तिथली टिटवीची जोडी दर उन्हाळ्यात उघड्या दगडांतच अंडी घालायची, ती जागा फक्त तिला माहीत होती.

"आजोबा, हा फसवतोय ना?" तिनं आत वळून विचारलं.

मुकुंद आजोबा ओट्यावर ऐरण पुसत बसले होते. करड्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या तांब्याची भांडी घडली. आजोबांनी मात्र धातुशास्त्र (धातू कुठे सापडतात, कसे वेगळे करतात आणि कसे वागतात, याचं शास्त्र) शिकून प्रयोगशाळेत जन्म काढला. त्यांना असा प्रश्न विचारला की पुढचा तास गेला असं समजायचं.

"फसवत नाही. पाटी आण एक," ते म्हणाले.

उल्कानं ट्रंकेतून हिरवी पाटी आणली. आजोबांनी तिच्या कडेची पिवळी दातेरी पट्टी दाखवली. "हे सोनं. केसाहूनही कितीतरी पातळ मुलामा. सोनं गंजत नाही, म्हणून वीज जिथून एका भागातून दुसऱ्यात जाते तिथे ते लावतात. आता अशा एक टन पाट्यांत साधारण दोनशे ग्रॅम सोनं असतं. मग तुझ्या तीस किलोत?"

"सहा ग्रॅम."

"बरोबर. आणि खाणीतला एक टन दगड फोडला की तीन ग्रॅम मिळतं, तेही खाण बरी असली तर."

उल्कानं मनात भागाकार केला आणि तिचा चेहरा उतरला. सहा ग्रॅमसाठी दोन टन. ट्रॅक्टरची एक ट्रॉली भरून टेकडी.

"याला संहती म्हणतात," आजोबा म्हणाले. "एखादी गोष्ट एका जागी किती दाटीनं गोळा झाली आहे, त्याचं माप. डोंगरात सोनं विखुरलेलं असतं. माणसानं ते शोधलं, दळलं, गाळलं, शुद्ध केलं आणि या पाटीवर आणून बसवलं. केवढी ऊर्जा गेली त्यात! म्हणजे तुझी ट्रंक ही आयती तयार खाण आहे. आपल्या आळीतल्या प्रत्येक पलंगाखाली अशी एक आहे."

"तीच तर अडचण आहे," परत्या म्हणाला. "आळीतल्या ऐंशी घरांनी नकार दिला. कारण एकच सांगतात. पुजलेली वस्तू टाकायची नाही."

हे मात्र खरं होतं. दसऱ्याला तांबट आळीत हत्यारं पुजायची. आधी ऐरण, हातोडा, कातर. मग घरोघर संगणक आले, तेही पाटावर बसले. ज्याला हळदकुंकू वाहिलं ते उकिरड्यावर कसं टाकायचं? त्यामुळे संगणक मेला की त्याची रवानगी पलंगाखाली. त्या पलंगांवर झोपणाऱ्यांची आता तिसरी पिढी होती.

पण उल्काचं कारण वेगळं होतं. ते तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. तिनं एकदम वेगळ्याच बाजूनं हल्ला चढवला.

"तुझ्या डोक्यातली पाटी कधी बदलली रे?" तिनं परत्याला विचारलं.

"आठ महिन्यांपूर्वी."

"बिघडली होती?"

"नाही. नवी आली होती."

"मग? चांगली पाटी फेकून देणारे तुम्ही, आणि टेकडी आमची खणणार? मी पाट्या जपते म्हणून मी गुन्हेगार? यातल्या निम्म्या चालू असतील. आधी तपास. जी चालते ती मोडायची नाही, ती वापरायची. नाहीतर मी इथून हलणार नाही."

परत्यानं नियमांची यादी चाळली. "नियमात तपासणी नाही," तो म्हणाला.

"मनाईपण नाही ना?"

आजोबांनी ऐरणीवर मान खाली घातली, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं.

तपासणी दुपारपर्यंत चालली. एकेक पाटी परत्याच्या पोटातल्या तारांना जोडायची, हिरवा दिवा लागला तर डावीकडे, लाल लागला तर उजवीकडे. डावीकडे एकोणीस पाट्या जमल्या. त्या शाळेच्या दुरुस्तीघराला द्यायचं ठरलं. उजवीकडे मात्र चांगलाच ढीग झाला. शेवटी ट्रंकेत एकच पाटी राहिली, जुन्या साडीत गुंडाळलेली. उल्कानं ती उचलली आणि पोटाशी धरली.

"ती राहिली," परत्या म्हणाला.

"ही नाही."

"उल्के," आजोबा हळूच म्हणाले, "ती माझ्या संगणकाची ना?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. आजोबांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेला संगणक; त्यातला हा मदरबोर्ड (संगणकाचे सगळे भाग एकमेकांना जोडणारी मुख्य पाटी). चार वर्षांपूर्वी, दसऱ्यालाच, आठ वर्षांच्या उल्कानं संगणकाचं झाकण काढून आतपर्यंत हळदकुंकू वाहिलं होतं. पूजा कशी मनापासून व्हायला हवी! मग आत फारच रंग सांडला म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं आणि बटण दाबलं. पाण्यात कुंकवातले क्षार विरघळले होते. अशा पाण्यातून वीज वाहते. ती आपली ठरलेली वाट सोडून भलतीकडून धावली, चट् आवाज आला, आणि चाळीस वर्षं चाललेला संगणक संपला.

"मी बिघडवला, मीच दुरुस्त करणार," उल्का म्हणाली. पाटी तिनं सोडली नाही. "सगळ्या पाट्या मी त्याच्यासाठीच जमवल्यात. कुठल्यातरी एकीत हवा तो भाग सापडेल."

"बघू," आजोबांनी पाटी हातात घेतली. मधल्या चौकोनी चिपेवर (कोट्यवधी सूक्ष्म बटणं असलेला सिलिकॉनचा तुकडा) त्यांनी बोट टेकवलं. "ही आतून वितळली आहे. तिच्यातल्या वाटाच नाहीशा झाल्या. हा भाग जगात कुठेही बनत नाही आता. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू जुनी यंत्रं उघडायला लागली होतीस. सांगितलं असतं तर थांबली असतीस. मला संगणकाची काळजी नव्हती गं. पुन्हा कशाला हात लावायला तू घाबरशील, तेवढी एक भीती होती."

उल्काला रडू आलं. चार वर्षांचं होतं ते, जरा वेळ लागला.

"म्हणजे हा मेलाच," ती शेवटी म्हणाली.

"संगणक म्हणून, हो. तांबं म्हणून नाही." आजोबांनी देव्हाऱ्यातलं ताम्हण तिच्यापुढे ठेवलं. "माझ्या पणजोबांनी हे जुन्या हंड्याची मोड घेऊन घडवलं. हंडा त्याआधी काय होता, देव जाणे. तांब्याचा अणू (मूलद्रव्याचा सगळ्यात लहान कण) झिजत नाही, म्हातारा होत नाही. कितीदा वितळवा, तो तांब्याचाच राहतो. फक्त मातीत, धुरात विखरून गेला की पुन्हा गोळा करणं कर्मकठीण. म्हणून उकिरड्यावर टाकायचं नाही, हे आपलं बरोबरच होतं."

"पण पुजलेलं द्यायचं कसं?"

हा प्रश्न तिनंच विचारला आणि उत्तरही तिलाच सुचलं. गणपती आपण नाही का पोहोचवत? जाण्याआधी त्याची उत्तरपूजा करतो, अक्षता वाहतो, मूर्ती जागेवरून जरा हलवतो. मग निरोप देता येतो. आळीत गेल्या तीन पिढ्यांत कुणी संगणकाची उत्तरपूजाच केली नव्हती!

उल्कानं आजोबांची पाटी पाटावर ठेवली. कोरड्या अक्षता वाहिल्या. ओलं काही नको, हे तिला आता कुणी शिकवायला नको होतं. मग पाटी बोटानं थोडी उत्तरेला सरकवली आणि म्हणाली, "पुनरागमनाय च."

"त्याचा अर्थ काय?" परत्यानं विचारलं.

"परत येण्यासाठी जा. ऐकलंस ना? हे तांबं मला परत लागणार आहे. मी संगणक बनवणार आहे, स्क्रू फिरवून कुणालाही उघडता येईल असा."

तिनं पाटी स्वतःच्या हातानं परत्याच्या काट्यावर ठेवली. मग ती ओट्यावर चढली आणि आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "काकू, मामा, सगळे! ट्रंका बाहेर काढा! उत्तरपूजा मी करते! आणि ज्यांना टेकडी खणायचीय, त्यांनी आधी माझ्याशी भांडायला या!"

भांडायला कुणी आलं नाही. आधी समोरच्या वडके काकू आल्या, टोपल्यात पाट्या घेऊन. मग दारादारांतून ट्रंका ओढल्याचे आवाज सुरू झाले. आजोबाही उठले आणि स्वतःच्या गादीखालून चार पाट्या काढून गुपचूप रांगेत उभे राहिले. संध्याकाळी सोनं वाटायच्या वेळेला गावाचा आकडा पुरा झाला.

"टेकडी राहिली," परत्या म्हणाला. "माझं इथलं काम संपलं. पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवा परत्या येईल. मला मोडीत काढायचं ठरलं आहे."

"तू बिघडलास का?"

"नाही. नवा आला आहे."

उल्कानं कुंकवाची कोयरी उचलली. कोरड्या कुंकवाचं ठसठशीत बोट तिनं परत्याच्या कपाळावर टेकवलं आणि त्याच्या हातात आपट्याचं पान दिलं.

"आता तूही पुजलेला," ती म्हणाली. "चालता आहेस तोवर तुला कुणी मोडायचं नाही. आणि बंद पडलास, तर उत्तरपूजा मी करणार. सांग तुझ्या साहेबांना."